चौकोनी चाकं

उणे अठ्ठेचाळीस.
अंगणात आपलाच श्वास ऐकू येतो,
कण्यांवर पाय पडावा तसा.

बॅटरी पोटाशी धरून मी बाहेर येते.
रात्रभर ती चुलीकडेला होती
जुन्या कोटात गुंडाळलेली,
मांजर तिला टेकून.
प्रोकोपी होता तेव्हा हे काम त्याचं.
मी म्हणायचे, माझ्या पायांवर
कधी इतकं पांघरूण घातलं नाहीस.
तो म्हणायचा, तू ढकलल्याशिवाय सुरू होतेस.

किल्ली काडीवर तापवून कुलपात घालायची.
दोन काड्या पुरतात.
तिसरी लागली की समजावं, आज घुश्शात आहे.
इंजिनावर बुरणूस, खाली परातीत निखारे,
आणि मधे ऑइल, काकवीसारखं,
हलायला तयार नाही.
मी पण नाही. मी तिथेच उकिडवी बसते.
घाई केली त्या साली पट्टा तुटला
आणि नदीच्या बर्फावर
आम्ही दोघी सकाळपर्यंत.

शेजारच्या एर्चिमची गाडी फोनवरून सुरू होते.
आज फोनच गारठला.
"एबे, जरा करंट देता?"
देते की. पण आधी हिला ऊब येऊ दे,
रिकाम्या पोटी कुणाकडे उसनं मागू नये.
मग केबल लावली. त्याच्या गाडीने
दिवे लुकलुकवले
आणि परत निजली.
"बस मग माझ्यात. बाजारापर्यंत सोडते."

पहिला मैलभर धप, धप, धप.
"काहीतरी तुटलंय," तो म्हणतो.
काही नाही रे. रात्रभर उभी होती ना,
जिथे टेकली तिथे चाकं चपटी झालीत.
पुलापर्यंत होतील गोल.
धुक्यात समोरचा दिवा
येतोय की थांबलाय, कळत नाही.
मागच्या सीटवर गोठलेल्या दुधाच्या थाळ्या
एकमेकींवर खडखडतात,
सतरा. काल मोजल्या तेव्हा अठरा होत्या.

एर्चिम हीटरकडे हात नेतो.
मी हात बाजूला करते.
दूध सुटेल.
"पहाटे चारपासून तापवलीत," दात वाजवत तो म्हणतो,
"आणि आत बसून गारच?"

मी खण उघडते,
प्रोकोपीचे हातमोजे त्याच्या मांडीवर टाकते.
"घाल. बोटांना ऑइलचा वास येईल,
तो जात नाही."