निरगाठ, सुरगाठ

शनिवारी पोस्टाची खिडकी बाराला बंद करून
मी हिरुमा बाईंच्या वर्गाला जाते, इइदाच्या मागच्या गल्लीत.
खाली दुकान, वर सहा तातामींची खोली,
सज्जात सोललेली पर्सिमनं सुतळीला टांगून सुकत घातलेली,
आणि आत आम्ही चौघं
कागदाच्या दोऱ्यांशी झटापट करत.

मिझुहिकी म्हणजे शेवटी कागदच.
पीळ दिलेला, खळ पाजलेला,
परीक्षेला बसलेल्या मुलासारखा ताठ.
"आधी वळण लावा," बाई म्हणतात.
अंगठ्याच्या पोटाखालून दोरी सरकवायची,
मांजराच्या शेपटीवरून हात फिरवावा तशी.
जोर केला तर चुरगळते,
लाड केले तर ऐकत नाही.

कुनिमित्सुंनी एकतीस वर्षं घाटात बस चालवली.
त्यांच्या बोटांना स्टिअरिंगएवढाच घेर कळतो.
पाच दोऱ्या शेजारी शेजारी निजायला हव्यात,
एकीनं दुसरीवर चढायचं नाही;
त्यांच्या पाचही शेवटची गाडी आल्यासारख्या
एकमेकींच्या अंगावर.
इओरी शाळेच्या गणवेशातच येतो,
कुणाशी बोलत नाही,
आणि त्याची गाठ पहिल्या फटक्यात सपाट बसते, छापल्यासारखी.
आम्हाला त्याचा राग येतो. थोडासा.

बाईंच्या टेबलाला दोन खण.
सुरगाठीचा: बाळ झालं, घर बांधलं, नोकरी लागली.
टोक ओढलं की सुटते, पुन्हा बांधता येते;
असलं सगळं पुन्हा पुन्हा यावं.
निरगाठीचा: दुखण्यातून उठलं, कुणी गेलं.
ओढाल तेवढी आवळते. परत नको.
"आणि लग्न?"
"निरगाठ. तेही एकदाच पुरे."
कुनिमित्सु एवढे हसले की त्यांच्या पाची दोऱ्या टेबलाखाली.
ते वाकून गोळा करेपर्यंत बाई थांबल्या, मग म्हणाल्या,
रंग तेवढे निराळे, लाल-पांढरा, काळा-पांढरा.
बोटांना रंग कळत नाहीत.

बावीस वर्षं ही पाकिटं माझ्या खिडकीतून गेली.
गाठ चेपू नका हं, लोक बजावायचे,
मी हो म्हणायचे, वजन करायचे, शिक्का मारायचे.
गाठीकडे बघायचं असतं हे
कुणी सांगितलं नव्हतं.

मिनाहो नव्या वर्षात नागोयाला चालली आहे.
बसनं दोन तास. फार नाही.
दोन्ही बाजूंचे डोंगर तिला भिंती वाटतात;
मला वाटत होतं, ती त्यांना टेकून वाढते आहे.

"जाणाऱ्याला पैसे द्यायचे तर कुठली?" मी विचारलं.
बाईंनी चष्मा वर सरकवला. "कोण जातंय?"
"आहे एक. पोस्टातलं."
"सुरगाठ," इओरी म्हणाला, मान खालीच.
दोन महिन्यांतला त्याचा पहिला शब्द.
मग बऱ्याच वेळानं,
"आमच्याकडे दोनदा बांधून झाली."
कुनिमित्सुंनी त्याच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला.
त्यानं एक घेतलं.

मी बांधली.
डावी पाकळी पसरट, उजवी रुसलेली.
बाईंनी टोक चिमटीत धरलं, एक हिसका,
आणि माझा अर्धा तास टेबलावर आडवा झाला.
पण सरळ नाही.
जिथं जिथं वाकवली होती
तिथं दोरी अजून थोडी वाकूनच होती.
"आता सोपं जाईल," बाई म्हणाल्या.
सोपं गेलं नाही.
सहाव्यांदा जमलं, तेही डावीकडे जरा झुकलेलं.
बाईंनी बघितलं आणि चहा ओतायला उठल्या.

रात्री मिनाहोनं माझ्या बाहीला चिकटलेला
लाल दोरीचा तुकडा काढला,
फोनवर कुणाशी तरी भाड्याच्या खोल्यांविषयी बोलत
करंगळीभोवती गुंडाळत राहिली.
स्वयंपाकघर किती, स्टेशन किती लांब, खिडकी कुठल्या दिशेला.
बोलणं संपलं तेव्हा तुकड्याची स्प्रिंग झाली होती.
तिनं ती केराच्या डब्यात टाकली, दिवा मालवून झोपायला गेली.

मी उचलणार नव्हते.
उचलली.