टेकू

क्लिफर्ड ऑग्डेनच्या डाव्या पायाची पट्टी
मी मंगळवारी आणि शनिवारी बदलते.
टॉडमॉर्डनमधलं चढावरचं घर, जिन्यात ओलीचा वास,
आणि खुंटीवर निळा-पांढरा मफलर,
एका कडेने उसवलेला.

पहिल्याच शनिवारी बोलायचं म्हणून बोलले,
"फॅन दिसताय तुम्ही, इथल्या टीमचे."
म्हातारा असा कळवळला
की वाटलं, कापूस जखमेला चिकटला.
"फॅन नव्हे, पोरी. सपोर्टर."

मला दोन्ही सारखेच.
शाळेत बाईंनी एकाच ओळीत लिहून दिले असते,
समानार्थी, दोन मार्क.

ते म्हणाले, फॅन टीव्हीपुढे बसून मँचेस्टरचा होतो,
मँचेस्टर हरलं की आणखी कुणाचा.
यांची टीम अठ्ठ्याहत्तर सालापासून काही जिंकलेली नाही.
परवा एकशे बारा जण होते,
दोन कुत्री धरून.
जानेवारीत मैदानात पाणी साचलं
की बागेतला काटा घेऊन हे भोकं पाडायला हजर.
मॅच संपली की कोपऱ्यांतले चार झेंडे गोळा करायचे.
चाळीस वर्षं.
गोल कुणी केला ते आठवत नाही,
कुठल्या झेंड्याची काठी खालून कुजली आहे, ते आठवतं.

मी पट्टी गुंडाळत होते.
डोक्यात उगाच मराठी सुरू झालं:
फॅन म्हणजे पंखा.
बटण दाबलं की गरगरतो, वारा घालतो,
छताला लटकून,
जमिनीला पाय न टेकवता.
आणि सपोर्ट म्हणजे आमच्याकडे टेकू.
सावद्याच्या मळ्यात घड भरला की केळ वाकायची,
बाबा तिच्या मानेखाली बांबू द्यायचे.
बांबूला पान नाही, फूल नाही.
घड उतरला की बांबू पुढच्या केळीला.

रविवारी आईला व्हिडिओ कॉल.
"किती छान दिसतेस!" मी म्हणते, "साडी नवी का?"
आई हसते. मी इकडून आणखी जोरात.
मग स्क्रीनच्या कडेतून एक हात येतो,
बांगड्या वर सारलेला,
आईच्या काखेत शिरतो
आणि आई उठते. मोरीपर्यंत जायचं असतं.
वहिनीचा चेहरा मला दिसतही नाही.
मोबाइल पलंगावर उताणा,
त्यात फक्त छत
आणि पंखा.
पाचवर.

मंगळवारी क्लिफर्डनी स्कोअर सांगितला:
शून्य-चार, आणि पेनल्टीही हुकली.
पाय सुजलेला. त्यांना जाता आलं नव्हतं,
कुणाच्या तरी फोनवरून कळलं.
मी कात्री पुसत होते.
विचारलं, "झेंडे कुणी उचलले?"
ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.
"कुणीच नाही," म्हणाले.
"तिथेच असतील अजून,
भिजत."