तेरावं बटण

ताडदेवच्या रात्रशाळेत, साडेसातच्या तासाला
मी फळ्यावर लिहिते : फल.
"फळ ना, बाई?" मागून कुणीतरी.
"ळ नको. ल."
दिवसा इथे चौथीची मुलं बसतात.
त्यांच्या बाकांत आमचे गुडघे मावत नाहीत,
म्हणून माझा वर्ग तिरका बसतो, पाय बाहेर काढून,
आत्ता उठून जायचं असल्यासारखा.

पुस्तकात एक मोटार आहे.
ती ताशी साठ किलोमीटर
अशा एकसमान वेगाने जाते.
"कुठल्या रस्त्यावर?"
वर्ग हसतो, मीही.
मोटार पुसून टाकते. डस्टर सापडत नाही, तळहाताने.

रुकैया मुकादम फॉल-पिको करते.
साडीमागे सत्तर.
साड्या क्ष, पैसे य.
क्ष पुढे चालतो, य त्याच्या मागे;
क्ष स्वतंत्र, य अवलंबून.
"आणि गिऱ्हाईक म्हणालं, पुढच्या महिन्यात देते?"
"मग ते फल नाही, उधारी."
हे मला आयत्या वेळी सुचलं
याचा थोडा गर्वही झाला मला.

शेवटच्या बाकावर रेवणसिद्ध.
वय एकतीस, पेडर रोडला लिफ्टमन.
खाकी शर्टाच्या खिशावर शिवलेलं नाव
इमारतीचं आहे.
जूनपासून तो वर्गात 'हजर'पलीकडे बोललेला नाही.
आज हात वर करतो, एकच बोट,
बटण दाबतात तसं.
"बाई, म्हणजे लिफ्ट."

मी त्याला खडू देते.
तो डावीकडे बटणं काढतो, उजवीकडे मजले,
मधे बाण, पट्टीशिवाय सरळ.
"एका बटणाला एकच मजला.
पाच दाबलं की पाच.
कधी सात, कधी नऊ असं व्हायला लागलं
तर मेकॅनिकला बोलावतात."
अकरा वर्षं मी ही व्याख्या शिकवते आहे.
मेकॅनिक त्यात कधी नव्हता.

"बाराच्या वर चौदा. तेरा नाहीच.
मालक लोकांना चालत नाही."
"म्हणजे तेरा प्रांतात नाही," मी सांगते,
"आणि जे प्रांतात नाही
त्याबद्दल फलाला विचारायचं नसतं."
"पण मजला आहे ना, बाई.
मी रोज तिथं दार उघडतो.
तिथली म्हातारी चौदावा म्हणते, मीही म्हणतो."

रुकैया बोटांवर मजले मोजून बघते.
मी घड्याळाकडे बघते आणि
नेहमीचा प्रश्न विचारते, परीक्षेत दोन गुणांना येणारा :
"मग यात स्वतंत्र चल कोणता?"
"बटण."
"शाब्बास."

तो जागेवर जात नाही.
"बटण मी दाबतो," तो म्हणतो.
मग, बऱ्याच वेळाने,
"म्हणजे ते सांगतात, मी दाबतो."
फळ्याच्या अगदी डाव्या कडेला
वीतभर जागा उरलेली असते.
तिथे तो आणखी एक रकाना आखतो,
वर लिहितो : सांगणारे.
तिथून बटणांकडे बाण काढायला लागतो,
दोन काढतो, थांबतो.
"कधी दोघं एकदम सांगतात."

मला म्हणायचं होतं, याला संयुक्त फल म्हणतात,
म्हणायचं होतं, त्या रकान्याच्याही डावीकडे
कुणीतरी असणारच.
मी म्हणाले, "हे पुढच्या वर्षी येतं."
त्याने खडू खाचेत ठेवला, नीट, आडवा.

साडेनऊला शिपाई दिवे घालवतो.
सकाळपाळीच्या बाईंची चिठ्ठी आठवते :
कृपया फळा पुसून जावे.
मी फक्त साड्या पुसते.

आमच्या शाळेला लिफ्ट नाही.
तिसऱ्या मजल्यावरून रेवणसिद्ध जिना उतरतो,
दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत,
मधेच थांबतो, चार पायऱ्या उलटा वर येतो
(पिशवी वगैरे काही विसरलेला नाही),
आणि पुन्हा खाली.