पुसू नका

हचिन्सनमधल्या एका वारलेल्या न्हाव्याच्या सामानाचा लिलाव होता.
खोक्याच्या तळाशी ही कॅसेट, तिच्यावर पेनानं लिहिलेलं:
कुस्ती. मे. पुसू नका.
दीड डॉलरला घेतली.

आठ नंबरचा चॅनेल, शनिवार, संध्याकाळचे पाच.
सकाळी त्याच खोलीत लहान मुलांचा कार्यक्रम व्हायचा,
भिंतीवरची कागदी सूर्यफुलं तशीच राहिलीयत,
त्यांच्यापुढे रिंग, साठेक घडीच्या खुर्च्या,
आणि पडद्यावर मुंग्यामुंग्या.

निळ्या चड्डीतला, पोट सुटायला लागलेला, तो माझा बाप.
निवेदक डेल्बर्ट हॉइलचा डेल्मर करतो.
बाप दुरुस्त करत नाही.
पाच दिवस पावाची गाडी चालवायचा,
सहाव्या दिवशी पंचवीस डॉलरला हरायचा.

शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या बापाला परत अस्मान दाखवलं.
मी म्हणायचे, नुरा असते रे, सगळं आधी ठरलेलं असतं.
त्यानं त्याची बाजू सावरायची की अजून बुडायची
हे मला तेव्हा कळत नव्हतं.

गॅरेजात जुन्या गादीवर त्यानं मला पडायला शिकवलं होतं.
हनुवटी छातीशी. तळहात आधी. श्वास सोडून दे.
म्हणायचा, पाडणं काय, कुणालाही जमतं.

समोर कर्नल क्रोल. एका डोळ्याला काच, गुडघ्यापर्यंत बूट.
तिसऱ्या रांगेतली ओपल डर्क्स त्याला पर्स फेकून मारते,
तो ती अदबीनं परत देतो, मग तिच्या टोपीवर थुंकल्यासारखं करतो.
चार मिनिटं बाप मार खातो. नेहमीसारखं.
आणि मग
वाकतो,
कर्नलला कमरेत धरतो,
उचलतो. बूट सूर्यफुलांच्याही वर गेलेत,
निवेदकाची वाचा बसते

आणि पडद्यावर नकाशा.
बाह्या सरसावलेला हवामानवाला, हातात पेन्सिल:
राइस काउंटी, मॅकफर्सन, सलाइन.
वावटळ जमिनीला टेकलीय.
तळघरात जा. आत्ता.

आम्ही गेलोच होतो. आईच्या काखेत क्लेटन, माझ्या हातात बॅटरी.
वर आभाळ घर हुंगत होतं.

बाप रात्री दहाला आला, वाटेतली झाडं ओलांडत.
गार घेवडा खाता खाता म्हणाला, आज जिंकलो.
आई फुटलेल्या काचा मोजत होती. म्हणाली, बरं.

टेप महाग असायची. सोमवारी स्टुडिओनं तिच्यावरच पुढचं भरलं,
आणि पुढच्या शनिवारी तो दोन मिनिटांत हरला.
उभ्या जन्मात तीनदाच बोलला असेल त्या दिवसाबद्दल,
कॅन्ससमधला माणूस एकदा समुद्र बघून आल्याचं सांगतो
तसं, आवाज खाली आणून.

कर्नल अजून आहे. ऑरिन स्टकी, वय नव्वद,
ग्रेट बेंडच्या वृद्धाश्रमात, खिडकीकडची खाट.
मी कॅसेट लावली. बूट वर गेले तशी
म्हाताऱ्याची हनुवटी आपोआप छातीशी आली.
विचारलं, पुढं काय झालं?
तो कर्नलच्या त्या खोट्या परदेशी उच्चारात म्हणाला,
रेफरी आंधळा होता, मॅडम.
नर्स पीचच्या फोडी घेऊन आली. दोन खाल्ल्या.
मग साध्या आवाजात: तुझ्या बापानं
मला कधी लागू दिलं नाही.
बाकी काही बोलला नाही.

नकाशा कॅसेट संपेपर्यंत चालतो, बावीस मिनिटं.
मी तोही बघते.
पाच एकतीसला पेन्सिल आमच्या रस्त्यावर येऊन थांबते.
तिच्या टोकाखाली कुठंतरी मी आहे, बीटच्या बरण्यांशेजारी,
आणि गावाच्या दुसऱ्या अंगाला, कदाचित रिकाम्या खुर्च्यांसमोर,
माझा बाप एका माणसाला वर धरून आहे,
त्याला खाली कसं आणायचं
ते पक्कं ठाऊक असलेला.