बायोडेटा

फॉर्मवरचा रकाना चार बोटं रुंद.
शिक्षण : एम. कॉम., पीएच. डी. मावलं.
खाली : संशोधनाचे विषय.
कूलरमध्ये आत्ताच पाणी ओतलंय,
खसाच्या वासात पेन थांबलंय.

इतवारीतल्या दुकानांच्या लाल वह्या
दहा वर्षं वाचल्या मी. मुडिया लिपी शिकले त्यासाठी.
बाबा तिथेच दिवाणजी.
अकरा पैशांच्या फरकापायी रात्र जाळायचे,
पण खिशातलं नाणं टाकून
मेळ कधी घातला नाही.

आणि हिरालालजींच्या किराण्याच्या वहीत
त्यांच्याच तिरप्या अक्षरात :
उचंत. कुंदा, कॉलेज फी, एकशे चाळीस.
पुढच्या पानावर ओढलेले.
पुढच्या वर्षी पुढच्या वहीत.
नऊ दिवाळ्या.
घरी एका शब्दानं बोलले नाहीत.

दर पाडव्याला त्या ओळीपाशी
शेठजींची तांबड्या शाईची खूण.
वसूल नाही, माफ नाही,
नुसतं : पाहिलं.

प्रबंधात ती वही मी घेतली नाही.
परीक्षकांनी विचारलंच, नमुन्यात एक कमी का?

रकान्यात लिहिते : उचंत खाती.
ऑफिसातला मेश्राम म्हणेल,
मॅडम, थोडं सविस्तर लिहा ना बाप्पा.