खंदक, कोरडा

रुस्ताकपासून चाळीस मिनिटांवर,
डोंगर थकून सपाटीवर बसतात तिथे ही गढी.
गावात हिला कुणी किल्ला म्हणत नाही,
'बैत' म्हणतात. घर.
चार बुरूज असले तरी घरच.

टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं खल्फानकडे.
पहारेकरी. वय विचारलं तर म्हणतो,
मोठा पूर आला त्याच्या आदल्या वर्षीचा.
"हे काय?" मी खड्ड्याकडे बोट दाखवते,
मोडक्या अरबीत.
"खंदक," तो म्हणतो.
मी शब्दकोश मिटते.

तक्त्यात लिहिते : रुंदी सहा मीटर दहा.
खोली दोन चाळीस, निम्मी गाळानं खाल्लेली.
अवस्था : वाईट.

खजुराच्या कोठीत जमीन पन्हळीपन्हळीची.
पोत्यांच्या भारानं पाझरलेला रस, काकवीसारखा,
हौदात उतरायचा.
शत्रू दाराशी आला की तोच उकळून
वरच्या भोकातून.
"गोड मरण," खल्फान हसतो.
त्याला पुढचे दोन दात नाहीत.

मग झुवैनाची गोष्ट.
धनी सुहारला गेलेला. वेढा पडलेला.
कोरडं वर्ष, ओळीनं तिसरं.
गावचा फलज खंदकात वळवलेला
आणि पलीकडे खजुरीच्या झाडांनी माना टाकलेल्या.
एका रात्री तिनं बांध फोडायला लावला.
सगळं पाणी बागेत.
सकाळी खंदकाच्या तळाशी बेडूक
आणि कधीतरी पडलेली कुणाचीशी घागर.

"मग?"

एका सांगण्यात वेढेकऱ्यांची उंटं पाटावर पोटभर प्यायली;
ज्याचं पाणी प्यालो त्याच्यावर तलवार कशी उपसायची,
म्हणून माणसं परत गेली.
दुसऱ्या सांगण्यात
ती पाय न भिजवता आत आली.

"तुला कुठलं खरं वाटतं?"
खल्फान टेप गुंडाळत राहतो.
बागेचे वारस अजून आहेत, म्हणतो,
बाईचे नाहीत.

'ऐतिहासिक टिपण' : रकाना तीन ओळींचा.
लिहिते. खोडते.
दाराच्या सागवानी तुळईवर पंजाएवढा जळका डाग आहे.
तो कुणाच्या चुलीचाही असेल.

जेवण झालं की खल्फान हात धुवायला
मुद्दाम खंदकात उतरतो,
तिथे एकटंच उगवलेल्या लिंबाच्या बुंध्याशी.
"फळ धरतं?"
"अजून नाही."

टेप पुन्हा उलगडते.
लिंबू, एक. उंची एक मीटर वीस.