नऊला दिवे घालवायचे

वाचनालयाच्या माडीवर गुरुवारी इंग्रजीचा वर्ग.
किल्ल्या माझ्याकडे, म्हणून मी जिन्यात बसून असतो.
दार जरा उघडंच ठेवतो. हीटरची ऊब बाहेर येते,
आणि शब्दही.

ग्रिम्सबीत जन्मलो, इथेच केस पिकले,
पण आपण काय बोलतो ते मी ऐकलं
ते मिसेस ब्लॅन्चर्ड फळ्यावर अडचणी लिहायला लागल्यावर.

आय ॲम इन अ पिकल.
म्हणजे, मी लोणच्यात आहे.
लेतेब्रहान विचारते, "आंबट की तिखट?"

अंडर द वेदर. हवेच्या खाली.
रिमांतास मासळीच्या कारखान्यातून थेट आलेला,
हात तीनदा धुऊनही वहीला कॉडचा वास.
तो खिडकीतून बघतो. ढग इतके उतरलेत
की गोदीचा मनोरा निम्माच उरलाय.
"इथे सगळेच खाली, टीचर."

मग खाडीत अडकलेला माणूस, वल्ह्याविना.
शिरिनगुलचं पेन थांबतं.
"आमच्या होडीचं इंजिन बंद," ती म्हणते.
"वल्हं नाही. आम्ही बुटांनी पाणी मारतो. रात्रभर."
तिचा काळ चुकला होता.
बाईंनी दुरुस्त केला नाही.

"आणि हे पाठच करा," त्या जरा वेळाने म्हणाल्या,
"कुणी कसे आहात विचारलं, तर: मस्टंट ग्रंबल.
कुरकुर करू नये.
माझे वडील ट्रॉलरवर दोन बोटं गमावून आले
तेव्हाही दारातून हेच म्हणाले."

पुढच्या गुरुवारी बाई वीस मिनिटं उशिरा.
कोटाची बटणं एक घर चुकून लावलेली.
वर्गाने शिकवल्याप्रमाणे एका सुरात विचारलं,
कशा आहात?

"क्लिफर्डने आज मला विचारलं, तुम्ही कोण."
मग बराच वेळ फक्त हीटर.
"इट्स हार्ड," त्या म्हणाल्या.

वह्यांत कुणी उतरवून घेतलं नाही.
रिमांतासने खुर्ची पुढे सरकवली, विचारलं,
"ह्याला आणखी शब्द आहेत, टीचर?"
त्यांनी मार्कर त्याच्याच हातात दिला.

त्याने त्याच्या भाषेतला एक लिहिला.
खाली शिरिनगुलने, उजवीकडून डावीकडे.
लेतेब्रहानची अक्षरं तर
पाय फाकून उभ्या माणसांसारखी.

नऊ वाजले. मी आत डोकावलो,
सवयीने म्हणालो, "ऑल राइट?"
चौघंही एकदम: "नॉट टू बॅड."

फळा पुसणं माझं काम.
त्या रात्री राहून गेलं,
असं मी नोंदवहीत लिहिलंय.